लालपरीचा हेवा

मित्रांनो, कान्हे गावच्या मंगल कार्यालयात नवरदेव ज्या खुर्चीत बसतो, ती मी. आता जुनी झाले आहे, पण साधी खुर्ची समजू नका.

जन्म

कामशेतच्या एका सुताराने मला आंब्याच्या लाकडातून घडवले. पाठीवर दोन मोर कोरले, सोनेरी रंग दिला, बैठकीला मखमल ठोकली. शेजारी नवरीची खुर्ची असते. तिचे आणि माझे बरे चालले आहे. लालपरी मात्र कुठल्या तरी कारखान्यात मिनिटभरात तयार झाली असेल. पण तिच्याबद्दल मी आत्ता बोलणार नव्हते.

उमेदीची वर्षे

तेरा वर्षांत चारशेहून अधिक नवरदेव माझ्यावर बसले. काही घाबरलेले, काही घामाघूम. एकाला तर फेट्यासकट डुलकी लागली होती. प्रत्येक फोटोत मी आहे. लालपरी एकाही फोटोत नाही. ती आचाऱ्यांची प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर बसून कांदे चिरायचे. एक पाय वाकडा.

पाहा, पुन्हा तीच आली! मथळे राहू द्या. सरळच सांगते.

धनुर्मासात लग्ने नसतात. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कार्यालय रिकामे असते आणि मी चादरीखाली. याच दिवसांत सकाळी मैदान दवाने भिजते, धुक्यात चेंडू दिसत नाही आणि लहान मुले खोकून हैराण होतात. म्हणून फुटबॉल शिकवणाऱ्या समीक्षाताईंनी रविवारच्या सकाळी आमचा हॉल मागून घेतला. सहा-सात वर्षांची बारा मुले कानटोप्या घालून फरशीवर खेळू लागली. चेंडू लहान, जड, फारसा न उसळणारा. गोलाचे खांब म्हणून खुर्च्या. चादरीला एक भोक आहे, त्यातून मी सगळे पाहत होते.

तीन खांब पांढऱ्या खुर्च्यांचे. चौथी ती. एसटीसारखी लाल म्हणून मुलांनी तिचे नाव लालपरी ठेवले. माझे नाव तेरा वर्षांत कुणी ठेवले नाही.

प्रेरणा सहा वर्षांची. पळायचा कंटाळा म्हणून ती गोलकीपर झाली, पण तिला चेंडूची भीती वाटायची. चेंडू लांब असेपर्यंत ती लालपरीचा हात घट्ट धरून उभी राहायची. चेंडू आला की हात सोडून झेपावायची आणि धावत येऊन पुन्हा तोच हात धरायची. मित्रांनो, चारशे नवरदेवांनी माझ्या हातांवर कोपरे टेकली. माझा हात कुणी धरला नाही.

मी जळले. मनात म्हटले, मोडू दे तिचा पाय.

आणि मोडला. जानेवारीच्या पहिल्या रविवारी कुरवंडे गावची मुले सामना खेळायला आली. प्रेरणाचे वडील कैलास व्हिडिओ काढायला लालपरीवर बसले. कडाड्! वडील फरशीवर, फोन स्टेजखाली.

"पप्पा, तुम्ही माझा गोल मोडला!" प्रेरणा ओरडली.

चादरीखाली मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

ताईंनी तिथे पांढरी खुर्ची ठेवली. प्रेरणाने दोन्ही हात मागे घेतले. "मला लालपरीच पाहिजे. नाहीतर मी घरी जाते." कान्ह्याकडे दुसरा गोलकीपर नव्हता.

कार्यालयाचे राखणदार अंबाजीआबा धावत आले. त्यांनी लालपरीला तीन पायांवर उभे केले. पडली. पांढऱ्या खुर्चीला टेकवली. दोघी पडल्या.

"आबा, काहीतरी जड पाहिजे. चेंडू लागला तरी न हलणारं," ताई म्हणाल्या.

आबांनी स्टेजकडे पाहिले. "तसं हितं येकच हाय. पर मालकाला कळलं तर त्याच खुर्चीत बसवून माजी वरात काढंल."

"काढू द्या. आम्ही नाचायला येऊ," कैलास कंबर चोळत म्हणाले.

"तुमी नगा येऊ. तुमी आलं की खुर्च्या मोडत्यात."

चौघांनी मला खाली आणले. चादर निघाली. मुले बघतच राहिली. आता माझी वेळ, मला वाटले. प्रेरणा जवळ आली, मोरावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "ही टोचते."

मग आबांनी लालपरी उचलली आणि माझ्या मखमलीवर ठेवली. नवरदेवाच्या जागी! तीन पाय आणि कांद्याचा वास! सुतळीने तिला माझ्या पाठीशी बांधले. प्रेरणाने टाचा उंचावून तिचा हात धरला आणि सामना सुरू झाला.

पहिलाच चेंडू माझ्या मोराला लागला. सोनेरी टवका उडाला. थोडी कलंडले असते तर ती पडली असती. खरे सांगते, मनात आले होते. पण तिच्या हातावरची ती इवलीशी मूठ मला दिसत होती. मी घट्ट उभी राहिले.

दुसऱ्या चेंडूवर प्रेरणा झेपावली आणि तिने तो पोटाशी धरला. टाळ्या पडल्या. ती धावत परत आली. गडबडीत टाचा उंचावायच्या राहिल्या आणि जो हात हाताला लागला तो तिने धरला. तो माझा होता. गरम, घामट पंजा. टोचते म्हणाली नाही. एक मिनिटभर धरला असेल.

सामना आम्ही तीन-दोनने हरलो. जाताना सगळ्यांनी लालपरीलाच थोपटले. माझ्या टवक्यावर आबांनी पिवळा खडू घासला.

मित्रांनो, मोडलेली वस्तू फेकू नका, वेळेवर दुरुस्त करा, असे मी एरवी सांगितले असते. पण आबा लालपरीचा पाय तारेने बांधणार आहेत. मग ती पुन्हा फरशीवर उभी राहील आणि मी चादरीखाली जाईन. धनुर्मासाचा अजून एक रविवार उरला आहे. तुमच्यापैकी कुणी कान्ह्याला आलात, तर आबांची तार तेवढी लपवून ठेवा. सोमवारी परत द्या.