मोठं पातं

चर्चच्या बायकांनी टेबल चाकूच्या भोवतीनं पुसलं होतं.

बाकी स्वयंपाकघर लख्ख होतं. भांडी घासून पालथी घातलेली, ओटा कोरडा, फरशी धुतलेली. टेबलावरचं मेणकापडही चमकत होतं; फक्त मधली वीतभर जागा तशीच राहिली होती आणि तिथं एस्टिलचा चाकू पडला होता, मोठं पातं उघडं. शेजारी सफरचंदाचं साल, एका लांब सलग वळशाचं, सुकून तपकिरी झालेलं. त्या बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ज्यानं पातं उघडलं त्यानंच ते मिटायचं, दुसऱ्यानं मिटलं तर घराला बाधतं, हे केंटकीच्या या डोंगरांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एस्टिल सफरचंद सोलत होता. कुत्रं भुंकलं म्हणून चाकू ठेवून उठला, आणि मागच्या पायऱ्यांवर टेकला तो टेकलाच.

दफन झालं, माणसं पांगली. लेक्सिंग्टनच्या ग्रंथालयात काम करणारी त्याची मुलगी नेवा उद्या परत जायची होती. असल्या समजुतींवर तिचा विश्वास नव्हता. पण इतक्या दिवसांत तिचा हातही चाकूकडे गेला नव्हता.

"आई, हे असं कुठवर ठेवायचं? रस लागलाय पात्याला. गंजेल."

ओलीटा खिडकीपाशी घेवड्याच्या शेंगांचे दोर काढत बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काम बोटंच बघून करत होती.

"तेल लाव की मग. मिटू नको."

"मिटत नाही गं. विचारलं फक्त."

"लेक्सिंग्टनला राहून विसरलीबिसरलीस की काय, म्हणून सांगितलं."

नेवानं फडक्यावर थेंबभर तेल घेतलं आणि पातं जागच्या जागी पुसलं. मूठ सांबरशिंगाची होती. शिंगाच्या खरबरीत रेषा एका बाजूनं शाबूत आणि दुसऱ्या बाजूनं पार गुळगुळीत, अंगठा टेकायचा तिथं तर मधासारखी पिवळी पडलेली. या चाकूंसाठीचं शिंग पूर्वी हिंदुस्थानातून जहाजानं यायचं, असं एस्टिल सांगायचा. ते सांगताना तो चाकू कानाशी धरून पातं उघडायचा, मिटायचा. जुना चाकू डोळ्यांनी नाही, कानांनी पारखायचा असतो, हे त्याचं ठाम मत. चांगला चाकू चालतो आणि बोलतो. मुठीतली कमान, म्हणजे स्प्रिंग, ढिली झाली की पातं नुसतं पडतं; कमान जिवंत असली की टक् म्हणतं. चाळीसेक वर्षं या घरात दिवसभर ती टक्टक चालायची आणि ओलीटा करवादायची, "त्या चाकवांशीच लग्न करायचं होतं की मग."

एस्टिल पोस्टमन होता. ओढ्याच्या काठाकाठानं वर जाणारा रस्ता, टोकाच्या घरापर्यंत, सगळा त्याचा. प्रत्येक घरात कुणा ना कुणा आजोबांचा चाकू फडताळात पडलेला असतो, हे त्याला पत्ते पाठ होण्याआधीच पाठ झालं होतं. शिंगाच्या मुठीचे, हाडाच्या मुठीचे. हाड म्हणजे बैलाच्या नळीचं, वर शिंगासारख्या खाचा पाडलेलं आणि चहाच्या रंगात मुरवलेलं. त्यानं ते मागून आणून सिगारच्या रिकाम्या पेट्यांत फ्लॅनेलवर ओळीनं निजवले होते. चकचकीत करणाऱ्यांचा त्याला राग यायचा. "म्हाताऱ्याला पावडर फासून तरणा दाखवायचा प्रकार आहे हा," म्हणायचा. त्याचा आणखी एक नियम होता. ज्या घरात मयत झालंय तिथला चाकू वर्ष सरेपर्यंत मागायचा नाही, कुणी देऊ केला तरी घ्यायचा नाही.

बाहेर कुत्रं भुंकलं. जाळीच्या दारातून चाकांचा कुरकुर आवाज आला.

"बर्ल आहे," ओलीटा म्हणाली. "नळकांडं ओढत आणतोय."

बर्ल स्टॅम्पर दारात उभा राहिला. सगळी उमर कोळशाच्या खाणीत गेलेली. आता नाकात नळी आणि मागं छोट्या गाडीवर प्राणवायूचं नळकांडं. शनिवारी कोर्टाच्या पटांगणातल्या बाकावर एस्टिलच्या डाव्या हाताला जो बसायचा, तो हा. दोघं देवदाराच्या काड्या तासत बसायचे, कशाचंही काही बनवायचे नाहीत.

"या, बर्लकाका." नेवानं खुर्ची ओढली. "कॉफी ठेवते."

"ठेव, पोरी. पण पातळ नको, लेक्सिंग्टनवाली."

तो बसला. दम परत यायला वेळ लागला. तोवर त्याची नजर टेबलावरच्या चाकूवर होती.

"ओलीटा," शेवटी तो म्हणाला, "एस्टिलचा वर्षाचा नियम मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय. मी वर्ष काढीन असं डॉक्टरला वाटत नाही. मला तर उन्हाळ्याचाच भरवसा वाटत नाही. म्हणून आलो."

नेवाला ती गोष्ट ठाऊक होती; सगळ्या गावालाच होती. बाकावर मुठीचे सौदे चालायचे. दोघांनी आपापला चाकू मुठीत झाकून पुढं करायचा, न बघता अदलाबदल करायची आणि मिळालं त्यावर कुरकुरायचं नाही. नेवा शाळेत होती तेव्हा अशाच एका सौद्यात बर्लनं खिशात हात घातला आणि चुकून भलताच चाकू बाहेर काढला: त्याच्या बापाचा, सांबरशिंगाचा. मूठ उघडली तेव्हा एस्टिलच्या हातात तो होता आणि बर्लच्या हातात एक हाडाचा, टोक मोडलेला. बर्ल म्हणाला होता, "चांगला आहे," आणि तो खिशात टाकून पुन्हा काडी तासायला लागला होता. एस्टिलनं परत दिला नाही. दिला असता तर सौदा मोडल्यासारखं झालं असतं, आणि बर्लनं तोंड दाखवलं नसतं. पेटीतही ठेवला नाही. रोज खिशात वागवला, दर शनिवारी बर्लच्या शेजारी बसून त्याच्यासमोर वापरला. मान द्यायची त्याला तेवढीच रीत माहीत होती.

"घेऊन जा, काका," नेवा म्हणाली. ती बरेच दिवस हेच ठरवत होती, हे तिला बोलताना कळलं. "तुमच्या वडिलांचा आहे."

"नेवा," ओलीटा म्हणाली.

"राहू दे, ओलीटा. तिचं बरोबर आहे, तिच्या परीनं." बर्ल हसला आणि हसू खोकल्यात गेलं. "पोरी, चाकू असा फुकट देत नाहीत. आणि सौद्यात गेलेला कोण परत घेतो? थूः म्हणतील बाकावर. बाकावर आता कोण उरलंय म्हणा. पण म्हणतील." त्यानं कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ झाकूनच टेबलावर ठेवली. "सौदा करायला आलोय. रीतसर. एस्टिलच्या जागी तू. काढ तुझी मूठ."

नेवानं आईकडे पाहिलं. ओलीटाची शेंगांवरची बोटं थांबली होती. नेवानं चाकूकडे हात नेला, आणि तो तिथंच थांबला.

उघडा चाकू मुठीत बसत नाही.

सौद्यासाठी तो झाकावा लागणार, झाकण्यासाठी मिटावा लागणार, आणि मिटणारा टेकडीवर निजलेला. नेवाला वाटलं, माणसानं ठरवूनही इतकं पक्कं कुलूप घातलं नसतं. मी मिटते, असं तिनं म्हटलं असतं तर खोलीतल्या कुणीही तिला अडवलं नसतं. म्हणूनच तिला ते म्हणता येईना.

बर्लच्याही ते ध्यानात आलं. तो उघड्या पात्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"लबाड," तो म्हणाला. "जाता जाताही लबाडी केलीन बघ. उघडा ठेवून गेला."

"तुझ्या भीतीनंच," ओलीटा म्हणाली. तीही हसत होती. डोळे पुसायला तिनं शेंगांचाच हात वापरला.

बर्लनं आपली मूठ उघडली. आत हाडाच्या मुठीचा चाकू होता. नेवानं तो ओळखला, टोक मोडलेलं पातं न उघडताही. हाडावरच्या खाचा झिजून पुसट झाल्या होत्या. म्हणजे हाही रोज खिशातच राहिला होता.

"फिट्टंफाट होईल म्हटलं होतं," बर्ल म्हणाला. "तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. नाही तर नाही."

त्यानं तो परत खिशात घातला आणि नळी नाकाशी सारखी केली. उठायच्या बेतात होता.

"बस," ओलीटा म्हणाली. "कॉफी झालेली नाही. नेवा, त्याच्या हातात दे तो."

"आई?"

"उघडा दिला तर उघडा परत करायचा. एवढंच आहे ना? हातात घ्यायला कुणाची बंदी आहे?"

नेवानं पात्याची धार आपल्याकडे ठेवून मूठ पुढं केली. बर्लनं चाकू घेतला. त्याचा अंगठा मुठीवर थोडा फिरला, शोधत, आणि त्या पिवळ्या गुळगुळीत जागेवर जाऊन बसला.

"बापाचा अंगठा इकडं होता," तो म्हणाला. "हा एस्टिलनं नवा खड्डा पाडला. माझ्या हाताला बसतोय पण."

ओलीटानं टोपलीतलं एक सफरचंद चाचपून त्याच्याकडे सारलं. बर्ल सोलायला लागला. साल अर्ध्यावर तुटलं, मग पुन्हा तुटलं.

"एस्टिलचं तुटायचं नाही," ओलीटा म्हणाली.

"तुला दिसत नाही तरी टोमणा मारतेसच."

"ऐकू येतं."

त्यानं सगळं सफरचंद सोललं, फोडी केल्या, ओलीटाच्या हातात दिल्या. पातं पँटवर दोन्ही बाजूंनी पुसलं. कॉफी प्याला, कडक आहे असं कबूल केलं. निघताना चाकू नेवाला परत दिला, धार आपल्याकडे ठेवून, उघडा.

त्याच्या गाडीचा आवाज ओढ्यापाशी विरला. ओलीटा आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. नेवा टेबलापाशी बसली. मधली वीतभर जागा तिनं आता पुसून घेतली; सुकलेलं साल मात्र उचलून बशीत ठेवलं, टाकवेना.

चाकू दोन पात्यांचा होता. मोठं एका टोकाला, छोटं दुसऱ्या. छोटं एस्टिल फारसं उघडत नसे. म्हणायचा, धारेचा जोर शिल्लक असू दे. नेवानं मोठ्या पात्याला फडकं गुंडाळलं, मूठ तळहातात घेतली आणि छोट्याच्या खाचेत नख रोवलं. कमान कडक होती. नख दुखलं, मग पातं आलं, निम्म्यावर एकदा थबकून, नीट चालत. बर्लनं सोललेल्या सफरचंदाची उरलेली फोड तिनं त्या पात्यानं कापली, अर्धी खाल्ली. पातं पुसलं, तेल लावलं. हे आपण उघडलंय, तेव्हा हे मिटायचं आपल्याकडे आहे, असा विचार तिनं केला, विश्वास नसताना.

टक्.

आतल्या खोलीत पलंग करकरला.

"छोटं होतं ते," ओलीटाचा आवाज आला.

"हो, आई. छोटं."

"मोठं राहू दे."

"राहू देते," नेवा म्हणाली, आणि फडकं सोडून चाकू पुन्हा टेबलाच्या मध्यावर ठेवला, मूठ एस्टिलच्या खुर्चीकडे करून.