बेडक्याची दुसरी डबी

मी बेडका तपासायची प्लास्टिकची डबी बोलतेय. नाव ऐकून ताट बाजूला सारू नका. लोक मला दोन बोटांनी धरतात, त्याची सवय झालीय.

कारखान्यातून निघाले तेव्हा खोक्यात आम्ही शंभर बहिणी होतो. कुणाला आपल्यात लोणचं भरतील असं वाटायचं, कुणाला कुंकू. मला रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या सुशीलाबाई मिळाल्या.

सुशीलाबाई तीन आठवडे खोकत होत्या. दोष मात्र फोडणीचा होता आणि फोडणी नव्या सुनेची, कौमुदीची. कौमुदीनं मिरची कमी केली, मग मोहरी, मग फोडणीच बंद केली. वरण फिकं झालं. खोकला तसाच राहिला.

शेवटी मितानिन, म्हणजे पाऱ्यात, आपल्या मोहल्ल्यात, घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, एक डबी देऊन गेली. ती माझी बहीण. सुशीलाबाईंनी तिच्यात पाण्यासारखी स्वच्छ थुंकी भरून पाठवली. सुनेसमोर खाकरायचं कसं? तपासणीवाल्यांनी निरोप दिला, की ही नुसती थुंकी आहे, छातीतून आलेला बेडका हवा. म्हणून मी आले.

सकाळी कौमुदी सासूबाईंना गच्चीवर मोकळ्या हवेत घेऊन गेली. त्या मला पदराखाली धरून उभ्या. खाकरेनात. घरात चार शब्दही न बोलणाऱ्या कौमुदीनं मग खोल श्वास घेतला आणि स्वतःच असं खाकरून दाखवलं, की शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या भावनाभाभींचा हात थांबला. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग पदराखालून डोकावणाऱ्या माझ्याकडे.

"क्या हुआ दीदी, बहू को टीबी है क्या?"

सुशीलाबाई नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तरी सुटल्या असत्या. दुपारपर्यंत अख्ख्या पाऱ्यानं टीबी सुनेच्या नावावर करून टाकला असता. कौमुदीनं खाकरणं थांबवलं.

"बहू को नहीं. खाँसी मेरे को है, तीन हफ्ते से," सुशीलाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "अन् तू काहून थांबली? दाखव पुन्हा एकदा."

दोघी खाकरल्या. माझं पोट भरलं.

टीबी निघाला. औषध सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतं, पण महिनोन्महिने न चुकता घ्यायचं असतं. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी व्हायचीय.

माझं काम झालं. झाकण लावून मला प्रयोगशाळेतल्या पिशवीत टाकलंय. थोड्या वेळानं निर्जंतुक करून नष्ट करतील. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, की खोकला दोन आठवड्यांवर गेला तर कुणाच्या स्वयंपाकाला बोल लावत बसू नका. आमच्यातली एक मागून घ्या आणि मोकळ्या हवेत मोठ्यानं खाकरा. शेजारी ऐकतील. ऐकू द्या. त्यांच्याही घरात कुणीतरी तोंड दाबून खोकत असेल.