कुंकवाचा शुक्रवार

सकाळी घराबाहेर पडण्याआधी बकुळाला दाराआड थांबावं लागे. तिची सासू राधाबाई आधी गॅलरीत डोकावून येई. कुणी मुलगी बघायला तर निघालं नाही ना, कुणी परीक्षेला तर नाही ना, याची खात्री झाली की मग म्हणे, "जा गो आता." विधवेचं तोंड सकाळी कुणाला दिसू नये, ही काळजी लालबागच्या त्या चाळीत घरचीच माणसं घेत. राधाबाई मनाने वाईट नव्हती. सासरे बाबुराव यांनी सुनेला शिक्षिका करायला बी.टी.ला घातलं तेव्हा चाळीतल्या बायकांची तोंडं तिनेच बंद केली होती. पण रीत ती रीत, असं तिचं सरळ गणित होतं.

त्या सोमवारी बकुळा स्वतःच नव्या नोकरीवर निघाली होती. तिला शुभशकुन कुणी करावा, हा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. तिने आपली आपण देवाला हात जोडले आणि ट्राम पकडली.

तिचा नवरा जगदीश गेल्या वर्षी जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरला असताना पोलिसांच्या गोळीने गेला. तेव्हापासून दर सभेत बकुळाला हार पडत आणि टाळ्या वाजत. गिरगावातल्या मुलींच्या एका हायस्कुलात नोकरी मिळाली तीही तशीच. शाळेचे चिटणीस कमलाकांतराव, जुन्या घरंदाज कुळातले वकील, प्रार्थनेच्या वेळी अभिमानाने म्हणाले, "या नुसत्या शिक्षिका नाहीत, वीरपत्नी आहेत!"

आठवी ब तिच्याकडे आली. पहिल्या तासाला तिचा आवाजच फुटेना. इतिहासाचं पाठ केलेलं सारं विसरली, खडू तीनदा हातातून पडला आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. पण बुधवारपर्यंत सूर जुळला. पहिल्या बाकावरची शकू प्रश्नांवर प्रश्न विचारी. उत्तर येत नसलं तर बकुळा म्हणे, "उद्या वाचून येते हं," आणि खरोखरच वाचून येई. तास संपला तरी मुली तिच्या टेबलाभोवती घुटमळत. वर्षभरात पहिल्यांदाच आपण कुणाची तरी विधवा सोडून आणखी काही आहोत, असं तिला वाटू लागलं. तो आनंद ती कुणापाशी बोलली नाही, दृष्ट लागेल म्हणून.

गुरुवारी मुख्याध्यापिका मालनबाईंनी तिला बोलावलं. या शाळेत दरवर्षी जूनच्या पहिल्या शुक्रवारी नव्या मुलींना त्यांच्या वर्गशिक्षिका कुंकू लावून साखर देत. मुलींच्या आयाही येत.

"उद्या आधी तुमचा सत्कार आहे," मालनबाई म्हणाल्या. "मग कुंकू. आठवी बला आठवी अच्या दुर्गाबाई लावतील. तुम्ही तेवढा वेळ शिक्षकांच्या खोलीत बसा."

"पण वर्ग माझा आहे, बाई."

"वर्ग तुमचाच हो. कुंकू तेवढं त्यांचं. आयांच्या मनाचा विचार करायला नको का? आणि हे पाहा, तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय."

बकुळा "बरं" म्हणाली. पगाराची घराला गरज होतीच. त्याहून गरज होती ती त्या टेबलाभोवतीच्या घोळक्याची, आणि उद्या त्याच मुलींसमोर तिला अशुभ ठरवलं जाणार होतं.

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात माणूस मावत नव्हतं. सुनेचा सत्कार बघायला राधाबाईही येऊन मागच्या रांगेत बसली होती. कमलाकांतरावांनी बकुळाला हार घातला आणि आवाज चढवला, "महाराष्ट्रमातेच्या कपाळीचं कुंकू या भगिनीच्या त्यागाने उजळलं आहे!" टाळ्या थांबेनात. शकूची आई कांता तर पदराने डोळे पुसत होती.

टाळ्या विरल्या तशी मालनबाईंनी बकुळाला डोळ्यांनीच दार दाखवलं. ती व्यासपीठावरून खाली उतरली. आठवी बच्या ओळीवरून जाताना शकूने विचारलं, "बाई, तुम्ही चाललात? मग आम्हांला कोण लावणार?"

बकुळाचा पाय अडला. आज या दारातून गेले तर सोमवारी वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? ती वळली, टेबलावरचा कुंकवाचा करंडा उचलला आणि ओळीसमोर उभी राहिली.

"मी यांची वर्गशिक्षिका आहे," ती म्हणाली. "कुंकू मीच लावीन. ज्यांना चालेल त्यांनी पुढे यावं. आणि माझ्या हातचं कुंकू चालत नसेल, तर मी पुसलेलं कुंकूही यापुढे सभेत मिरवायचं नाही. तो हार परत घ्या."

"बाई, भावनेच्या भरात काहीतरी…" कमलाकांतराव पुटपुटले.

शकू एक पाऊल पुढे आली. कांताने, मघाशी रडणाऱ्या त्याच कांताने, तिचा दंड धरून मागे ओढलं. "गप उभी राहा. घरात तुझ्या ताईचं लग्न आहे."

बायका आपापल्या मुलींना जवळ घेऊ लागल्या. इतक्यात मागून खुर्ची सरकली आणि राधाबाई वाट काढत पुढे आली. सुनेच्या अंगात आता काय संचारलं म्हणून ती रागावणार, असंच सर्वांना वाटलं. बकुळालाही वाटलं.

राधाबाई लोकांकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या झिलाचा, जगदीशाचा रगत तुमका चालला. मगे हिच्या बोटाक कसलो इटाळ?" आणि सुनेपुढे कपाळ केलं. "लाव गो. माझो घोव, तुझो सासरो, जितो आसा. तेका काय होवचा नाय."

बकुळाला समोरचं काही दिसेना, इतके डोळे भरले. तरी तिने बोट बुडवलं आणि सासूच्या कपाळावरच्या कुंकवावर कुंकू टेकवलं.

त्यानंतर सभागृहात क्रांती झाली असं लिहायला मला आवडलं असतं. झालं ते असं: निम्म्या आया मुलींना घेऊन जिना उतरून गेल्या. कांता गेली, शकू ओढत नेली जात असताना मान वळवून बघत होती. मालनबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाकीच्या बायका बसून राहिल्या, उठल्या नाहीत आणि पुढेही आल्या नाहीत. बकुळा करंडा घेऊन तिथेच उभी राहिली. "मी थांबते," एवढंच ती म्हणाली.

वाचकहो, त्या बसून राहिलेल्या बायकांत तुमची आई, तुमची बायको, तुमची बहीण असेल. आज घरी गेलात की तिला विचारा, ती का उठली नाही. आणि तिने उलट तुम्हांलाच विचारलं, की मी उठले असते तर घरात तुम्ही मला काय म्हणाला असतात, तर खोटं बोलू नका.