पक्ष ब

निवृत्तीनंतर बाईंनी पुन्हा वही-पेन हातात घेतलं, ते भांडणं शिकायला. विद्यापीठाने अभ्यासक्रमाला 'शांतता आणि संघर्ष-निवारण' असं भारदस्त नाव दिलं होतं. पण पहिली-दुसरीच्या वर्गात छत्तीस वर्षं पेन्सिली आणि खोडरबरांवरून पेटलेली युद्धं मिटवलेल्या बाईंना त्याचं दडपण आलं नाही. शिकवणारे सर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे होते. तेही त्यांना 'बाई'च म्हणत.

वर्ष संपताना सरांनी एक काम दिलं. आपल्या आयुष्यातलं न मिटलेलं एक भांडण घ्यायचं. आपण पक्ष अ, समोरचा पक्ष ब. पक्ष बची बाजू एका पानात मांडायची, आणि ते पान त्याला दाखवून 'माझं म्हणणं हेच आहे' म्हणून खाली सही घ्यायची. सही नसेल, तर गुण नाहीत.

बाईंना भांडण शोधावं लागलं नाही. सख्खी धाकटी बहीण त्याच गावात, चार थांब्यांवर राहत होती, आणि सहा वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चार वर्षं धाकटीने सगळं केलं. बाई सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन जायच्या. आई गेली त्या सकाळी त्या परीक्षेच्या कामावर होत्या. पोहोचल्या ते चार नातेवाइकांसमोर एवढंच बोलल्या, "डॉक्टरांना वेळेवर बोलावलं असतं तर." धाकटीने तेव्हा उत्तर दिलं नाही, आणि नंतरही दिलं नाही.

पान लिहायला बाईंना दोन तास लागले. आईला कुशीवर वळवताना धाकटीची पाठ कशी धरायची, रात्र-रात्र जागून ती दिवसा शिलाईचं काम कशी उरकायची, ताईने फळं आणली की आईचा चेहरा कसा खुलायचा आणि ते बघून धाकटीला कसं लागायचं, सगळं आपसूक उतरत गेलं. लिहून झालं आणि बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

मग त्यांनी फोन करून रविवारी येऊ का, एवढंच विचारलं. कामाचं बोलल्या नाहीत. भेटल्यावर हळूच काढू, असा हिशेब.

धाकटीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच होती. शिलाईचं टेबल भिंतीला सारून तिने दोन पानं मांडली होती. जेवताना ती सारखी बोलत होती: गुडघे, गिऱ्हाइकं, वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा माणूस, ज्याच्यापेक्षा तिचं मशीन तालात चालतं. बाई पोट धरून हसल्या. हात धुतल्यावर धाकटी त्यांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हा बाईंनी पर्समधून पान काढलं. सोमवारी द्यायचं होतं.

धाकटीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. वरच्या कोपऱ्यातलं 'पक्ष ब' तिने बोटाने दाखवलं आणि ही मीच ना, असं विचारलं. बाईंनी सहीचा नियम समजावून सांगितला. समजावताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला.

"ताई, ताकाला आलीस तर भांडं आधीच दाखवायचंस," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तू माझ्याकडे आलीस."

बाई अजूनही पान फाडू शकत होत्या. पण वर्षभर घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं.

"तुला असं वाटणं मी समजू शकते."

धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचं पेन घेतलं.

"सगळं खरं लिहिलंयस. मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं," ती म्हणाली. "एवढं सगळं कळत होतं तुला. मग सहा वर्षं कुठे होतीस?"

सही करून तिने पान पुन्हा घडी घालून परत दिलं आणि टेबल जागेवर ओढायला लागली. बाई मदतीला उठल्या, तर ती म्हणाली, असू दे, मला सवय आहे.

बाईंना वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. पुढच्या वर्षी नमुना म्हणून हे पान वर्गात वाचू का, असं सरांनी विचारलं. बाईंनी ते परत मागून घेतलं.

आता दोघींचं बोलणं आहे. बाई दर बुधवारी फोन करतात आणि धाकटी तो उचलते. हो ताई, बरं ताई, चालेल ताई. टोमणा नाही, तक्रार नाही. बाईंनी दोनदा माफी मागितली, तर दोन्ही वेळा ती म्हणाली, अगं, त्यात काय.

मागच्या बुधवारी बाईंनी मुद्दाम खोडी काढली. लहानपणापासून धाकटीला स्वयंपाकाबद्दल कुणी ब्र काढलेला खपायचा नाही. एकदा तिने वडिलांच्या पुढ्यातलं ताट उचलून नेलं होतं.

"त्या रविवारी तुझी भाजी खारट झाली होती हं," बाई म्हणाल्या, आणि फोन कानाशी घट्ट धरून वाट बघत राहिल्या.

"झाली असेल, ताई," पलीकडून शांत आवाज आला. "माझ्या लक्षात आलं नाही."