कोणी हो म्हटलं नव्हतं

ऑर्मंड ग्रंथालयाच्या दाराशी रोडा हॉकेटला एक बिल्ला देण्यात आला. त्यावर तिचं नाव होतं आणि नावाखाली छापलं होतं, 'खोऱ्यातील कुटुंब'. देणारी बाई गोड हसून म्हणाली की आज तुम्ही आमच्या मानाच्या पाहुण्या. रोडाने बिल्ला छातीवर लावला नाही. मुठीत धरला आणि आत गेली.

तिच्याबरोबर अल्विन पिकेट होता. दोघं एकाच गावचे, एकाच शाळेत शिकलेले, आता दोघंही ऐंशीच्या घरात. अल्विनला गाडी चालवायला अजून दिसत होतं आणि रोडाला रस्ता अजून आठवत होता, म्हणून दोघं मिळून कुठेही पोचत. आत आल्यावर अल्विनने चहूकडे मान फिरवली. माजी राष्ट्राध्यक्ष ऑर्मंडचं टेबल, राष्ट्राध्यक्षाचे बूट, राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचे झगे, सगळं काचेत.

"ग्रंथालय म्हणतात आणि ग्रंथ कुठे दिसत नाहीत," तो म्हणाला.

"वर असतील, कुलपात."

"बरोबर आहे. कोणी वाचले तर पंचाईत."

समोर भिंतभर काच होती आणि काचेपलीकडे तळं. ऑर्मंड सरोवर. अमेरिकेतल्या या इंडियाना राज्यातली माणसं तिथे सुट्टीत होड्या घेऊन येतात. त्या पाण्याखाली वेस्टग्रोव्ह आहे, रोडाचं आणि अल्विनचं गाव. राष्ट्राध्यक्ष ऑर्मंडने धरणाच्या कागदावर सही केली आणि गाव बुडालं. मग तळ्याला त्याचं नाव दिलं, आणि तो गेल्यावर तळ्याकाठी त्याच्याच नावाचं हे ग्रंथालय उभं केलं. ज्याने घर पाडलं त्याचाच फोटो त्या जागी लावायचा, अशातली गत.

आतल्या भिंतीवर रोडाच्या बापाचाही फोटो होता. एलाम हॉकेट, डोक्यावर काळी टोपी, मागे गावचं सभाघर. खाली पाटी: 'वेस्टग्रोव्हच्या गावकऱ्यांनी देशाच्या हितासाठी एकमुखाने संमती दिली.' ही पाटी काढा म्हणून रोडा कितीदा येऊन सांगून गेली होती. दर वेळी कोणीतरी मान डोलवून ऐकून घेई आणि पाटी जागच्या जागी राही.

ग्रंथालयात दर महिन्याला इतिहास आणि लोकशाही या विषयावर जाहीर कार्यक्रम होत. ते भरवणारी संचालिका मॅरियन ट्रॉब. हुशार, नीटनेटकी, तोंडात साखर घेऊन बोलणारी. या महिन्याचा विषय होता 'लोकांचा कौल', आणि त्यासाठी एक फिल्म काढली होती. पुढच्या आठवड्यापासून ती राज्यातल्या शाळांना जाणार होती. मुलांना ती दाखवून सांगायचं, की बघा, लोकशाहीत माणसं अशी त्याग करतात. त्याआधी खोऱ्यातल्या कुटुंबांचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून हे बोलावणं.

सभागृह भरलं होतं. वेस्टग्रोव्हच्या म्हाताऱ्यांना पुढच्या दोन रांगा. शहरातली मंडळी मागे. दिवे मंद झाले आणि फिल्म सुरू झाली.

पडद्यावर एलाम हॉकेट आला. दाढीवाला, रुंद खांद्यांचा, देखणा. एलामने जन्मात दाढी ठेवली नव्हती. सभाघरात गावकरी बसले होते, सरकारी अधिकारी उभा होता. अधिकारी म्हणाला, कोणाची हरकत आहे का? सगळे गप्प. मग दाढीवाला एलाम उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "देशासाठी आमचं खोरं आम्ही आनंदाने देतो." पुढे झाला आणि त्याने अधिकाऱ्याशी हात मिळवला. व्हायोलिन वाजू लागलं. मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला.

रोडाच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती त्या दिवशी तिथे होती. सोळा वर्षांची, दाराजवळच्या बाकावर. काय झालं होतं ते तिने उभ्या आयुष्यात हजारदा मनात घोळवलं होतं.

वेस्टग्रोव्हचे लोक क्वेकर, ख्रिस्ती धर्मातल्या एका साध्या पंथाचे. त्यांच्यात पाद्री नाही, पदव्या नाहीत, सगळ्यांना 'तू' म्हणायची रीत, राष्ट्राध्यक्ष दारात आला तरी तू. गावचा कारभार सभाघरात चाले आणि तिथे हात वर करून मतं मोजत नसत. चिटणीस विषय मांडी. मग सगळे डोळे मिटून गप्प बसत. ज्याला पटलं तो तोंडाने म्हणे, 'मान्य'. एक म्हणे, मग दुसरा, मग तिसरा. कोणीच काही बोललं नाही, तर चिटणीस समजे की विषय पिकलेला नाही, आणि तो पुढच्या महिन्यावर टाकी. काम संपलं की शेजाऱ्याशी हात मिळवायचा. हात मिळवला म्हणजे सभा उठली. त्याआधी नाही.

मौन म्हणजे संमती, असं सगळं जग म्हणतं. वेस्टग्रोव्हमध्ये संमती बोलून द्यावी लागे.

अधिकाऱ्याने विचारलं, हरकत आहे का. सभाघरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. एलाम चिटणीस होता. तो मान खाली घालून बसून राहिला. कोणीही 'मान्य' म्हटलं नाही. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, आभार मानले, टोपी घातली आणि गाडीत बसून गेला. एलाम सभेला म्हणाला की विषय पुढच्या महिन्यावर. बायकांनी पर्सिमन फळाचं गोड पुडिंग काढलं. सगळ्यांना वाटलं, चला, सरकारला कळलं.

पुढच्या महिन्यात बुलडोझर आले. एलाम कचेरीत गेला तेव्हा त्याला कागद दाखवला, त्यावर लिहिलं होतं: हरकत नाही, एकमत.

नंतर खोऱ्यातले मेथडिस्ट पंथाचे शेतकरी, ज्यांच्या जमिनी त्याच पाण्याखाली गेल्या, ते म्हणू लागले की क्वेकरांनी मूग गिळून खोरं विकलं. एलामचा सख्खा मेहुणा रस्ता ओलांडून पलीकडून जाई. एलाम भाड्याच्या घरात मेला आणि त्याच्या दफनाला खोऱ्यातलं कोणी फिरकलं नाही. आणि आता राज्यातली पोरं त्याला आनंदाने हात मिळवताना बघणार होती.

दिवे लागले. मंचावर मॅरियन ट्रॉब आणि एक प्राध्यापक येऊन बसले. प्रश्न विचारायची इथली पद्धत अशी, की प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, स्वयंसेवक चिठ्ठ्या गोळा करतात आणि संचालिका त्यातल्या निवडून वाचते. पहिली चिठ्ठी राष्ट्राध्यक्षाच्या आवडत्या कुत्र्याबद्दल होती. दुसरी त्याच कुत्र्याबद्दल.

"कुत्र्याला तरी विचारलं असेल," अल्विन पुटपुटला.

रोडाने चिठ्ठीत लिहिलं होतं: माझ्या बापाने हे वाक्य म्हटलं, असं तुला कोणी सांगितलं? मॅरियनने ती चिठ्ठी उघडली, क्षणभर पाहिली आणि वाचून दाखवलं, "आपल्या एका पाहुण्यांना जाणून घ्यायचं आहे, की फिल्ममधले इतके सुंदर संवाद कसे सुचले?"

प्राध्यापक खुलला. सरकारी नोंदीत 'एकमत' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, त्याने सांगितलं. कोरड्या नोंदीत फक्त जीव ओतायचा होता. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

रोडाने डावी मूठ इतकी आवळली की बिल्ल्याची टाचणी तळहातात घुसली.

मग मॅरियन उठली. तिचा आवाज मऊ झाला. खोऱ्यातली कुटुंबं आज इथे आहेत हे आमचं भाग्य, ती म्हणाली. तुमची गोष्ट तुमच्या इच्छेनेच पुढे जावी. फिल्म शाळांना पाठवण्याला तुमच्यापैकी कोणाची काही हरकत?

पुढच्या दोन रांगा गप्प झाल्या.

रोडाने शेजारी पाहिलं. अल्विनने डोळे मिटले होते, हात गुडघ्यांवर होते. पलीकडे गावातल्याच कॉफिन बहिणी माना खाली घालून बसल्या होत्या. सगळी म्हातारी माणसं अगदी तशीच बसली होती, जशी त्या दिवशी बसली होती. एवढं सगळं सोसूनही हाडात मुरलेली सवय गेली नव्हती. प्रश्न आला की गप्प बसायचं आणि वाट पाहायची. खुद्द रोडाचीही मान अर्धी झुकली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचाच संताप आला.

"आभारी आहे," मॅरियन हसून म्हणाली. "मनापासून आभारी आहे."

एलाम सांगत असे, रागात उठू नये. राग बसू दे, मग तू उठ. रोडाने ते आयुष्यभर पाळलं होतं. पण राग बसायची वाट पाहिली असती, तर कार्यक्रम संपून लोक बिस्किटं खायला गेले असते. ती रागासकट उठली.

"थांब," ती म्हणाली. "तू आत्ता काय ऐकलंस?"

मॅरियन गोंधळली. "हॉकेटबाई, वेळ संपत आलीय. कॉफी घेताना आपण निवांत बोलू ना."

"कॉफी घेताना नको. तू विचारलंस इथे, बोल इथेच. काय ऐकलंस?"

"कोणी हरकत घेतली नाही."

"कोणी हो म्हटलं?"

मॅरियनने प्राध्यापकाकडे पाहिलं. त्याने समजूतदारपणे सांगितलं की हॉकेटबाईंचा एक आक्षेप आपण जरूर नोंदवू. बाकीच्यांची अर्थातच संमती आहे.

तो 'अर्थातच' रोडाच्या कानात उकळत्या तेलासारखा गेला. ती प्राध्यापकाशी बोललीच नाही. मंचाकडे पाठ करून आपल्या माणसांकडे वळली. सभेला प्रश्न विचारणं हे चिटणिसाचं काम, आणि ती कधी चिटणीस नव्हती. ते काम बापाचं होतं. तिने त्याच्यासारखेच दोन्ही हात आपल्या खुर्चीच्या पाठीवर टेकले.

"मित्रांनो, ही फिल्म शाळांना पाठवावी. सभेला मान्य आहे?"

कोणी बोललं नाही. मॅरियनने तोंड उघडलं तेव्हा रोडाने मागे न बघता हात वर केला, आणि तिने तोंड मिटलं. शांतता वाढत गेली. मागच्या रांगांत खुर्च्या करकरल्या, कोणी खोकलं, मग तेही थांबलं. सभागृहाच्या खिडकीपलीकडे एक होडी तळ्यावरून गेली. शहरातल्या माणसांना कुठे बघावं ते कळेना. अल्विनने डोळे उघडले होते. तो मंचाकडे रोखून पाहत होता आणि ओठ घट्ट मिटून बसला होता. एकेक करून सगळ्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"ऐकलंस?" रोडा वळून म्हणाली. "आमच्यात 'नाही' असं ऐकू येतं. माझ्या बापाने तुमच्या माणसाला हेच ऐकवलं होतं. त्याने घड्याळ बघितलं आणि गेला. तूही आत्ता तेच केलंस."

मॅरियनच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं. ती मंचावरून खाली आली आणि तिने हात पुढे केला. छायाचित्रकार लगबगीने पुढे सरकला. रोडाने हात दिला नाही.

"हात काम संपल्यावर देतात. एलाम हॉकेटने त्या माणसाला हात दिला नव्हता. ते तुम्ही पदरचं घातलंत."

"पण पाठवायची सगळी तयारी झालीय."

"बुलडोझरचीही झाली होती."

असं म्हणून रोडा खाली बसली. कोणी उठलं नाही. मागचे काही लोक बाहेर गेले, काही दारात घुटमळले आणि परत येऊन बसले. मॅरियन पुढे केलेला हात तसाच घेऊन उभी होती, मग तिने तो खाली घेतला. प्राध्यापक तिच्या कानाशी लागला, तिने त्याला थांबवलं. बऱ्याच वेळाने ती हळू आवाजात म्हणाली की फिल्म पाठवणं थांबवते.

"माईकमध्ये सांग," रोडा म्हणाली.

मॅरियन मंचावर गेली आणि माईकमध्ये म्हणाली, "फिल्म शाळांना जाणार नाही. ते वाक्य आणि तो हात काढल्याशिवाय जाणार नाही."

पुन्हा शांतता. मग अल्विन पिकेट आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाला, "मान्य."

"मान्य," थोरली कॉफिन म्हणाली. "मान्य," धाकटी म्हणाली. मग मागून कोणी, मग कडेचा कोणी, एकामागून एक, घाई न करता, प्रत्येक जण आपापल्या तोंडाने. संमती कशी असते ते त्या सभागृहाने पहिल्यांदा ऐकलं. संपल्यावर शहरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोऱ्यातल्या एकानेही वाजवली नाही.

रोडाने अल्विनशी हात मिळवला. मॅरियनशी नाही.

बाहेर पडताना ती बापाच्या फोटोपाशी थांबली. खाली पाटी होतीच. एकमुखाने संमती. पाठीमागे लोक कॉफीचे पेले घेऊन कुत्र्याबद्दल बोलत होते.

गाडीत बसल्यावर अल्विनने विचारलं, "राग बसला?"

"नाही."

"बरं झालं." त्याने किल्ली फिरवली. "पाटीचं काय?"

"पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे ना इथे?"

"आहे. विषय काय आहे कोणास ठाऊक."

"काही का असेना," रोडा म्हणाली आणि तळहातातून बिल्ल्याची टाचणी उपसून काढली. "पुढची रांग धर."