ट्राउट खाली वळेपर्यंत

"लवकर ओरडलीस," टोपीत रुतलेली गळावरची पिसांची माशी सोडवत इडवल म्हणाला.

"माशाचं तोंड दिसलं मला."

"तोंड दिसलं म्हणजे त्यानं माशी घेतली असं नाही. चॅपलमध्येही तुझं हेच. मी स्तोत्राचा सूर देण्याआधी तुझी ओळ सुरू."

ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेली त्याची बायको तेगवेन हसली. आज मासेमारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. इडवलच्या नजरेच्या मधोमध धुकं साचत चाललं होतं, डॉक्टरांनीही हात टेकले होते आणि पाण्यावर तरणारी माशी त्याला दिसेनाशी झाली होती. आज एकही ट्राउट मासा लागला नाही, तर गळाची काठी भाच्याला देऊन टाकीन, असं त्यानं सकाळी चहा पिताना सांगून टाकलं होतं. शेजारच्या गेथिननं सुचवलं, की गांडूळ लावून तळाशी सोडावं, त्याला डोळे लागत नाहीत. इडवलनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. नदीतला मासा आपल्या मर्जीनं वर येतो, यातच त्याच्या लेखी सगळं होतं. म्हणून जन्मात कधी नदीवर न आलेली तेगवेन आज त्याचे डोळे होऊन आली होती.

त्यानं दोरी हवेत झुलवून माशी वाळवली.

"माशी घेऊन तो खाली वळू दे. बेवन पाद्री आठव. सुरात प्रवचन देता देता थांबायचे आणि सगळं चॅपल श्वास धरून बसायचं. तेवढं थांब."

माशी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठच्या आल्डर झाडाच्या मुळांपाशी पडली. प्रवाहानं दोरी ओढली, तशी माशीमागे पाण्यावर रेघ उमटली.

"घसरली," तेगवेन म्हणाली. त्यानं ती उचलून पुन्हा टाकली.

या खेपेला माशी मोकळी तरंगत आली. इडवलला दिसलं काहीच नाही. तेगवेनचा श्वास तेवढा आत गेला आणि तिथंच राहिला. त्याचं मनगट शिवशिवलं, पण त्यानं आवरलं.

"आता," ती हळूच म्हणाली.

काठी वाकली.

हात ओले करून त्यानं माशाच्या तोंडातला गळ काढला. वीतभर मासा, अंगावर तांबडे ठिपके. प्रवाहाकडे तोंड करून धरला, तशी शेपटी हलली आणि ओंजळ रिकामी झाली.

"एवढ्याशासाठी जन्मभर शनिवारची जेवणं निववलीस?"

"एवढ्याशासाठीच."

काठी तिनं घेतली. भाच्याला अजून वाट बघायला सांगू, म्हणाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो चालू लागला. कुंपणाच्या फाटकाशी स्तोत्राचा सूर धरायला त्यानं तोंड उघडलं, तर तेगवेनची ओळ आधीच सुरू झाली होती.

तो तिच्या मागून गाऊ लागला.