उरलेली बाटली

चहाच्या कारखान्यात मी टेस्टर आहे. चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा आणि कुठला माल कशात मिसळायचा ते सांगायचं. शेजारच्या खुर्चीत माझी धाकटी बहीण बसते. चमचा कसा धरायचा इथपासून तिला सगळं मीच शिकवलं.

दम्याचा पंप ओढल्यावर चूळ भरायचा मला कायम कंटाळा. व्हायचं तेच झालं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला, खरवडला की खाली लालभडक. बुरशीच ती. त्यात मुख्य टेस्टरची निवड तोंडावर आलेली. साहेबांना कळलं असतं तर मला टेबलावरून उठवलं असतं, म्हणून फक्त बहिणीला सांगितलं.

"डॉक्टर कशाला, ताई? कारखान्याचाच माणूस तो, लगेच साहेबांच्या कानावर घालेल," ती म्हणाली. "मी काढा देते करून. डाळिंबाची साल आणि हळद. रोज चुळा भर."

काढा कडूजहर होता. थर उतरतोय असं मी स्वतःला पटवत होते. बहीण माझ्यासाठी पहाटे उठून साली उकळते, याचंच मला कोण कौतुक!

निवडीच्या सकाळी बाटली उघडली तर लवंगेचा भपकारा आला. दुसऱ्या कुणी दिली असती तर तशीच मोरीत ओतली असती. बहिणीची होती, म्हणून खळखळून चुळा भरल्या आणि उरलेली बाटली कपाटात ठेवली.

टेबलावर कप मांडले होते. पहिला घोट घेतला तर जीभ लाकूड झालेली. गरम तेवढं कळलं. कडक, फिका, जुना, नवा, सगळा चहा सारखाच. मी आपली अंदाजपंचे ठोकत गेले. शेजारी ती, मी शिकवलं तसंच, सुर्रकन ओढत होती. एकाही कपात चुकली नाही.

खुर्ची तिला मिळाली. "मेल्या बुरशीनं घात केला," एवढंच मी सगळ्यांना सांगितलं. लवंग आठवत होती, पण पाठच्या बहिणीवर संशय घ्यायची लाज वाटली. आता लपवायचं काय उरलं होतं? डॉक्टरांकडे गेले, औषध घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता जाता ती नवी बाटली घेऊन आली.

"औषधाच्या जोडीला असू दे, ताई. यात लवंगेचं तेल नाही, जीभ बधीर नाही व्हायची."

जीभ बधीर झाल्याचं मी कुणाजवळही बोलले नव्हते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. खुर्चीचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

माझा चेहरा पाहून ती गडबडली. "दुखू नये म्हणून घातलं होतं गं."

मी कपाटातली उरलेली बाटली काढून तिच्यापुढे धरली.

"मग यातली एक चूळ भर, आणि जा टेबलावर."

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.